भेगाळलेल्या रानात स्वसादृश्य कसं मोजावं

मे महिन्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही काळ्या रानाचा फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवली नसेल, तर तो वीतभर जागेचा आहे की खोलीभर, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. मोठ्या भेगेला लहान फुटते, लहानीला आणखी बारीक. लहान-मोठ्या मापावर सारखंच दिसण्याच्या या गुणाला स्वसादृश्य म्हणतात. नद्यांचे फाटे, विजेची रेघ, किनाऱ्याची वळणं, सगळीकडे ते दिसतं. म्हणून काहींना वाटतं की ही निसर्गाची मूलभूत सममिती असावी: माप बदललं तरी नियम तोच.

कल्पना देखणी आहे. पण ‘सारखं दिसतं’ एवढ्यावर भागत नाही, मोजावं लागतं. सुदैवाने या मोजणीला आलेख-कागद, फोन आणि एक सकाळ पुरते.

जागा

नांगरट झालेलं रान नको, तिथे नुसती ढेकळं. पडीक राहिलेला तुकडा बघा, नाहीतर पाणी हटल्यावर उघडी पडलेली तलावाची गाळाची जमीन. पैठणला नाथसागराच्या काठाने अशी जमीन भरपूर. मालकाला विचारून जा. भेगेत हात घालू नका. उन्हाळ्यात विंचू-साप तिथेच गारव्याला असतात.

मोजण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती असते. पाणी गेलं की ती आकसते, ताण सहन झाला नाही की फाटते. आधी लांब भेग पडते. नंतरची भेग तिला येऊन मिळते ती बहुधा काटकोनात, ‘टी’सारखी. म्हणजे कोणती भेग आधीची, हे जोडावरून कळतं. काही ठिकाणी मात्र तीन भेगा सारख्याच कोनात भेटलेल्या दिसतात. माती पुन्हा पुन्हा भिजून वाळली की जोड हळूहळू तसे होत जातात. हे बघायला मला मोजणीइतकीच मजा वाटते.

फोटो

दोरी आणि चार खुंट्यांनी १.६ मीटर बाजूचा चौरस आखा. ऊन पडायच्या आत, हात उंच करून, बरोबर वरून फोटो घ्या. उशीर झाला तर ढेकळांच्या सावल्या भेगांसारख्या दिसतात.

मग चौरसात पाठ करून खडा टाका. पडेल तिथे १६ सेंटिमीटरचा लहान चौरस धरून जवळून फोटो घ्या. असं चार-पाच वेळा करा. खडा टाकायचा एवढ्यासाठी, की जागा आपण निवडली तर डोळा नेमकी ‘छान’ भेग निवडतो. एखाद्या चौरसात भेगच आली नाही, तर तेही लिहून ठेवा. गाळू नका.

सगळे फोटो १६ सेंटिमीटर बाजूचे छापून घ्या.

मोजणी

छापील फोटोवर पेन्सिलीने ८ सेंटिमीटरच्या चौकटी आखा, आणि भेग ज्या ज्या चौकटीतून जाते त्या मोजा. मग ४, २, १ आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी घेऊन तेच. शेवटची मोजणी कंटाळवाणी आहे, एकूण १,०२४ चौकटी होतात. घरातल्या पोरांना कामाला लावा. लहान चौरसांच्या आकड्यांची सरासरी काढा, भेग नसलेल्यांचं शून्य धरून.

आता प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याने भागा. चौकट निम्मी केल्यावर आकडा दुप्पट झाला, तर भेगा साध्या रेघेसारख्या वागतात, मिती (डायमेन्शन) १. चौपट झाला तर भरलेल्या कागदासारख्या, मिती २. मधलं उत्तर आलं तर मिती अपूर्णांकात: अडीचपटीला सुमारे १.३२, तिपटीला १.५८. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी गणितज्ञ मँडलब्रॉटने १९६७च्या लेखात दिलेली मिती सुमारे १.२५ होती. अशा आकारांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव त्याने १९७५ साली दिलं.

खोट्या भेगा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा निकाल हिच्यावरच आहे. १६ सेंटिमीटरच्या कोऱ्या चौरसावर दर ३ सेंटिमीटरला आडव्या-उभ्या रेघा मारा. इथे स्वसादृश्य अजिबात नाही. तरी तशीच मोजणी केली की गुणोत्तरं येतात ४, मग साधारण साडेतीन, अडीच, सव्वादोन. मधला अडीचचा आकडा उचलला की ‘मिती १.३२’ म्हणून मिरवता येतं! खरं तर चौकट रेघांमधल्या अंतराहून मोठी असताना सगळ्या चौकटी भरतात, लहान झाली की नुसती रेघ उरते, आणि अडीच हा वाटेतला टप्पा.

म्हणून एका आकड्याकडे पाहू नका, आकडा टिकतो का ते पाहा. दोन्ही फोटो मिळून तुमच्याकडे ८० सेंटिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंतची मापं आहेत, १६० पटींचा पल्ला. त्यात गुणोत्तर जितक्या पायऱ्या स्थिर राहिलं, तेवढ्याच पल्ल्यात मापाची सममिती आहे. घसरत गेलं, तर नाही. चौकट भेगेच्या रुंदीहून लहान झाली की गुणोत्तर पुन्हा चारकडे चढतं, त्याला फसू नका.

हा पल्ला कमी समजू नका. १९९८ साली ‘सायन्स’मध्ये डेव्हिड अव्हनीर आणि सहकाऱ्यांनी फ्रॅक्टलविषयीचे शोधनिबंध तपासले. प्रयोगांत फ्रॅक्टल म्हणून जाहीर झालेल्या गोष्टींचा पल्ला साधारण वीसपटीच्या आसपासच होता.

मूलभूत म्हणायचं का?

मला तरी तसं म्हणवत नाही. आकार दुप्पट केला की वजन आठपट होतं आणि हाडाचा छेद चौपटच, म्हणून हत्तीचे पाय हरणासारखे नसतात. हे गॅलिलिओने १६३८ सालीच मांडलं होतं. अणूला ठरावीक आकार आहे. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, ही उपमा शाळेत चालते, पण हायड्रोजनचे सगळे अणू एकसारखे असतात आणि ग्रहमाला मात्र एकीसारखी दुसरी नाही. वरच्या टोकाला, साधारण ३० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे दीर्घिकांचे (गॅलेक्सींचे) पुंजके-पोकळ्या संपून वाटणी एकसारखी होत जाते.

खरी सममिती सापडते ती नेमक्या परिस्थितीत. ३७४ अंश सेल्सिअस आणि हवेच्या सुमारे २१८ पट दाबाला पाणी आणि वाफ यांतला भेद मिटतो, आणि तिथे सगळ्या आकारांचे दाट-विरळ पुंजके एकदम दिसतात. अशा बिंदूंचा हिशोब मांडल्याबद्दल केनेथ विल्सनला १९८२चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अंश-दोन अंश इकडेतिकडे झालं की पुंजक्यांना पुन्हा कमाल आकार येतो.

तेव्हा तुमच्या तक्त्यात मितीच्या आकड्याशेजारी दोन रकाने वाढवा: ‘कुठून’ आणि ‘कुठपर्यंत’. काळ्या मातीच्या खोल रानात आणि मुरमाड रानात हे रकाने वेगळे येतात का, ते पुढच्या उन्हाळ्यात बघता येईल. मात्र मुरमाड रानात भेगा शोधाव्या लागतील.