जोतिबाच्या चैत्र यात्रेसाठी गावाने करावयाची तयारी

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूर जिल्ह्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, जोतिबाच्या देवळाशी, महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातूनही लाखो भाविक येतात, आणि त्या गर्दीचा भार डोंगरावरच्या व पायथ्याच्या गावांवर पडतो. म्हणून ग्रामपंचायत, पुजारी, देवस्थान समिती, पोलीस आणि महावितरण यांची एकत्र बैठक गुढीपाडव्याच्या आधीच घ्यावी.

सर्वांत जास्त लक्ष सासनकाठ्यांकडे, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्यांकडे द्यावे. उंच काठी खांद्यावर घेऊन नाचवताना चहूबाजूंनी दोऱ्या ताणून तिचा तोल सांभाळला जातो, त्यामुळे मिरवणुकीच्या मार्गावरील लोंबत्या वीजतारा आधीच हटवाव्यात, किंवा मिरवणुकीच्या वेळेपुरता त्यांचा वीजपुरवठा बंद ठेवावा. संध्याकाळी पालखी यमाई मंदिराकडे निघते, तेव्हा वर येणारे आणि खाली उतरणारे भाविक समोरासमोर येऊ नयेत, यासाठी जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या ठेवाव्यात.

उधळलेल्या गुलालावर पाणी सांडले की दगडी पायऱ्या निसरड्या होतात. तेथे स्वयंसेवकांनी वरचेवर झाडू मारावा. गुलालाबरोबर खोबरे उधळले जाते, पण अख्खा नारळ फेकू देऊ नये, कारण त्याने डोके फुटते.

वाहने पायथ्यालाच थांबवून वर एसटी चालवावी. मात्र गावातील आजारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि दूधवाले यांच्यासाठी एक रस्ता पूर्णपणे मोकळा राहिलाच पाहिजे. माझ्या मते यात्रेच्या नियोजनात हीच बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. पाण्याचे टँकर व फिरती शौचालये आदल्या दिवशीच जागेवर उभी करावीत आणि यात्रा संपताच कचरा उचलण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा.