यंदा अंगणात राजगड करायचा तर

दिवाळीचा किल्ला म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. मातीचा ढीग, टोकावर महाराज, समोर एक दरवाजा आणि उतारावर जागा मिळेल तिथे उभे केलेले मावळे. मुलांना त्यातही मजा येतेच. पण माझा आग्रह असतो की किल्ला करायचा तर नावाचा करावा. लोहगड करा, राजगड करा, सिंधुदुर्ग करा. बघणाऱ्याला पाटी न वाचता ओळखता आला पाहिजे. मी शाळेत बरीच वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे मला तटाच्या आधी डोंगर दिसतो. आणि सह्याद्रीत खरोखरच तसं आहे. जिथे कडा तुटलेला तिथे तटाची गरज कमी, जिथे सोंड उतरते तिथे बुरूज. म्हणून डोंगर नीट जमला की निम्मा किल्ला झाला.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात मुलं आणि मी मिळून राजगड करतो. इथे त्याचीच पद्धत सांगते. राजगडच का, तर त्याची आखणी मुलांना एका दमात कळते. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्यापासून पंख्याच्या पात्यांसारख्या निघालेल्या तीन माच्या, म्हणजे तट बांधलेल्या सपाट सोंडा: उत्तरेच्या अंगाला पद्मावती, पूर्वेला सुवेळा आणि नैऋत्येच्या अंगाला लांबच लांब संजीवनी. शिवाय २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात राजगड आहे, त्यामुळे मुलांनी त्याचं नाव नुकतंच ऐकलेलं असतं.

सुरुवात वसुबारसेच्या आठेक दिवस आधी करा. सहामाही परीक्षा संपलेली असली तर बरंच, नसली तर पहिले दोन दिवस मोठ्यांनी दगड-मातीची जमवाजमव करून ठेवावी. जागा निवडताना दोनच गोष्टी बघा. गच्चीच्या पाइपाचं पाणी तिथे येत नाही ना, आणि सकाळचं थोडं तरी ऊन मिळतं ना. ऊन हवं ते हिरवळीसाठी. परतीचा पाऊस कधी कधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो, म्हणून एक ताडपत्री हाताशी असू द्या.

आता आखणी. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून राजगड शोधा आणि मुलांना तो आकार आधी कागदावर काढायला लावा. मग फरशीवर खडूने तोच मोठा करा. आम्हाला सहा फूट बाय पाच फूट जागा मिळते, तेवढी पुरते. त्यात संजीवनीला तीन फूट द्यावे लागतात. कंजूषपणा करू नका, कारण ती माची खरोखरच अडीच किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि तीच आखूड झाली तर राजगड ओळखू येत नाही. उंचीच्या बाबतीत मात्र प्रमाण मोडायचं. पायथ्यापासून माथा किलोमीटरभरही उंच नाही, म्हणजे त्याच मापाने गेलो तर आपला डोंगर फूटभराचाच होईल आणि बसकट दिसेल. दोन-अडीच फूट उंची ठेवा. उंची मुद्दाम वाढवली आहे हे मुलांना सांगा. शाळेतल्या उठावाच्या, म्हणजे डोंगरदऱ्या उंचसखल दाखवणाऱ्या नकाशातही असंच करतात.

डोंगर नुसत्या मातीचा करू नका. माती बेसुमार लागते, आतून वाळत नाही आणि चौथ्या दिवशी भेगा पडतात. आधी विटांचे तुकडे, दगड, फुटक्या कुंड्या रचून सांगाडा उभा करा. बालेकिल्ल्यासाठी मध्ये एक पत्र्याचा डबा उपडा घातला की उंची पटकन मिळते. त्यावर गोणपाट. लाल माती चाळून तिचा पातळ काला करायचा, गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवायचे आणि ओलेच सांगाड्यावर अंथरायचे. दगडांच्या खाचांत ते बोटांनी दाबत जा, म्हणजे सोंडा आणि घळी आपोआप उमटतात. हा थर रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्यावर घट्ट मातीचा बोटभर जाडीचा लेप. माती नर्सरीतून लाल आणा. काळी माती घेऊ नका, ती वाळताना आकसते आणि सगळा डोंगर तडकतो. लेपाच्या मातीत मूठ-दोन मूठ भुसा मिसळला तर पकड चांगली येते. प्लास्टर ऑफ पॅरिस मला नको वाटतं. त्यावर काही उगवत नाही आणि नंतर ते कुंडीतही टाकता येत नाही.

यानंतर कडे, आणि इथे मी मुलांना घाई करू देत नाही. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे आपले कडे आडव्या पट्ट्यांचे दिसतात. काळा उभा खडक, मग गवताची अरुंद पट्टी, पुन्हा खडक. लोक किल्ल्यावर उभ्या रेघोट्या ओढतात आणि डोंगर परका वाटायला लागतो. लेप अर्धवट ओला असताना चमच्याची कड धरून डोंगराला आडवी खाच पाडा, तिच्याखालचा भाग उभा कापा, वरची माती जराशी बाहेर राहू द्या. बोटभर खाली पुन्हा तेच. पट्टे अगदी पातळीत नकोत, कुठे तुटलेले, कुठे घळीत वळलेले असावेत. उभ्या भागाला राख आणि कोळशाची पूड कालवलेला चिखल फडक्याने टिपा, म्हणजे बेसॉल्टचा काळसर रंग येतो. पायथ्याच्या मातीला थोडा गेरू. ऑइलपेंट अजिबात नको.

सुवेळा माचीवर एक गंमत आहे ती विसरू नका. तिथल्या खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ओल्या मातीत पेन्सिल आरपार घालून हळूच फिरवून काढली की झालं. आमच्याकडे येणारी लहान मुलं महाराजांच्या आधी नेढ्यातून डोकावतात.

तटबंदी डोंगर पुरता वाळल्यावरच. हाताला चिकटणार नाही इतपत घट्ट माती घ्या, पाटावर लाटून बोटभर उंचीच्या पट्ट्या कापा आणि माचीच्या कडेकडेने उभ्या लावत जा. खालून पाण्याचा हात फिरवला की पट्टी धरते. तट सरळ रेषेत न्यायचा नाही. डोंगराची कड जिथे वळेल तिथे तो वळेल आणि वळणावर बुरूज येईल. बुरुजाला आत बाटलीचं झाकण किंवा पुठ्ठ्याची नळी घालून वर माती लिंपा. तटाच्या माथ्यावर पट्टीच्या टोकाने चर्या, म्हणजे दातेरी कड, पाडा. जंग्यांसाठी, म्हणजे बंदूक रोखायच्या भोकांसाठी, संपलेली रिफिल घ्या आणि ती तिरकी धरा, आतून बाहेर आणि खाली. मुलं हमखास सरळ भोकं पाडतात. त्यांना विचारावं, शत्रू कुठून येतोय? डोंगर चढून खालून. मग बंदूक कुठे रोखणार? एवढं विचारलं की रिफिल आपोआप तिरकी होते.

संजीवनी माचीचे बुरूज मात्र साधे नाहीत, ते चिलखती आहेत. बाहेर एक भिंत, आत दुसरी आणि मध्ये माणूस जाईल एवढी बोळ. बाहेरची पडली तरी आतली लढती राहावी म्हणून. सगळे तसे करत बसायची गरज नाही. दर्शनी बाजूचे दोन-तीन बुरूज दुहेरी करा, मधली फट काडेपेटीतली काडी आडवी बसेल एवढी ठेवा. माची एका पातळीत नको, ती तीन टप्प्यांत उतरत जाते; प्रत्येक टप्प्याला दोन बोटं खाली या.

दरवाज्यांत पाली दरवाजा सगळ्यांत ऐसपैस करा, त्याच्याकडे येणाऱ्या पायऱ्या रुंद ठेवा. गुंजवणे दरवाजा दुसऱ्या अंगाला. बालेकिल्ल्याची वाट मात्र अरुंद आणि छातीवर येणारी हवी, आणि ती महादरवाज्यात शिरली पाहिजे. आइसक्रीमच्या काड्यांची दारं छान होतात. पद्मावती माचीवर तळं करायचं तर एक खोलगट ताटली मातीत बसवून कडा लिंपून टाका. निळा रंग देऊ नका, पाणी भरलं की पुरे. जमलं तर खडकात दोन-चार चौकोनी टाकीही कोरा. पुष्कळ किल्ल्यांवर तटासाठी दगड काढला आणि त्याच खड्ड्यांची पाण्याची टाकी झाली, हे मुलांना कोरतानाच सांगावं.

हिरवळीसाठी मला अळिवाला पर्याय दिसत नाही. मोहरी उंच वाढून लोळते, गहू तर तटाच्या वर जातो. अळीव नरक चतुर्दशीच्या चार-पाच दिवस आधी पेरायचं. वाटीभर पाण्यात अर्धा तास भिजवलं की बिया बुळबुळीत होतात आणि तोच त्यांचा गुण आहे, उभ्या उतारालाही त्या चिकटून राहतात. चमच्याने घेऊन कड्यांच्या मधल्या पट्ट्यांवर, घळींत आणि खालच्या उतारावर पसरा. काळ्या खडकावर एकही बी नको. वर ओलं फडकं दोन दिवस. मग फडकं काढा आणि पाणी हाताने शिंपडा. झारीने घालाल तर बिया आणि माती दोन्ही पायथ्याला येतील. लक्ष्मीपूजनाला डोंगर अगदी श्रावणातल्यासारखा होतो.

मावळे सगळ्यांत शेवटी. पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी चित्रांचे, म्हणजे मावळ्यांच्या मातीच्या बाहुल्यांचे, ढीग लागतात, तिथे मुलांना घेऊन जाच. घेताना लहानात लहान घ्या. दरवाज्याहून उंच पहारेकरी उभा केला की केलेली सगळी मेहनत खेळण्यातली वाटू लागते. महाराजांची मूर्ती थोडी मोठी असली तरी चालते, ती पद्मावती माचीवरच्या सदरेत, म्हणजे कारभाराच्या जागी, ठेवा. राजगडावर छत्र-चामराचं सिंहासन ठेवू नका. राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला. राजगड ही त्याआधीची राजधानी. प्रत्येक मावळ्याला काम द्या. दोघे दरवाज्यावर, एक बुरुजावर, एक तळ्यावर पाणी भरणारा, एक पालखीच्या मागे. पायथ्याला गुंजवणे आणि पाली ही गावं, चार घरं, बैलगाडी, शेत. कोणी विमान किंवा रणगाडा आणला तर मी त्याच्यासाठी शेजारी वेगळी जागा देते, गडावर नाही.

किल्ला बघायला लोक आले की सांगणारं कोणीतरी हवं, आणि ते मुलानेच सांगावं. दोन-तीन मिनिटं पुरतात. आमच्या मुलांना मी एवढं पाठ नाही, पण समजून घ्यायला लावते: सईबाईंचं निधन १६५९ साली इथेच झालं, त्यांची समाधी पद्मावती माचीवर आहे. १६६५च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले, त्यात राजगड होता. १६६६ साली महाराज आग्ऱ्याला निघाले ते इथूनच आणि सुटून परत आले तेही इथेच. राजाराम महाराजांचा जन्म १६७०चा, याच गडावर. सांगताना बोट त्या त्या जागेवर गेलं पाहिजे. 'समाधी इथे' म्हणताना मुलाचा हात बरोबर माचीवर जातो तेव्हा मला वर्गात इतकी वर्षं फळ्यावर नकाशे काढल्याचं सार्थक वाटतं.

पणत्या तटावर लावू नका. कुठेतरी गोणपाटाचा धागा उघडा राहिलेला असतो आणि तो वाळल्यावर चटकन पेटतो. पायथ्याच्या वाटेने, विटेवर, हिरवळीपासून हातभर लांब ठेवा. फटाके किल्ल्याच्या आसपासही नकोत. मातीचा बुरूज सुतळी बॉम्बने उडवायची हौस काही मुलांना असते, तिथे मी स्पष्ट नाही म्हणते.

ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी आहे त्यांनी राजगडाच्या मागे लागू नये. मोठ्या परातीत सिंधुदुर्ग सुरेख होतो: मध्ये खडकाळ बेट, नागमोडी तट, सभोवती पाणी. लोहगडही लहान जागेत बसतो. एका बाजूला विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी निघालेली सोंड, लांब काढला की कोणीही ओळखतं.

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवा, मग उतरवा. आधी चित्रं काढून घ्या. कच्च्या मातीची असतील तर धुऊ नका, मऊ ब्रशने झटका, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळा आणि खोक्यावर 'राजगड' असं लिहून ठेवा. गोणपाट वाळवून ठेवलं तर पुढच्या वर्षी उपयोगी पडतं. माती फोडून सोसायटीच्या कुंड्यांत वाटून टाका. कोळसा लागलेला थर वेगळा काढायची गरज नाही, झाडांना तो चालतो.