यीस्टविरोधी पथ्यात दही कसे खावे

यीस्टविरोधी पथ्यात (शरीरातील यीस्ट ही बुरशी वाढू नये म्हणून पाळल्या जाणाऱ्या आहारात) साखर सुटते, पण दुधात सुमारे 5 टक्के दुग्धशर्करा असते हे लक्षात राहत नाही. म्हणून दूध टाळून घरचेच दही पुढीलप्रमाणे वापरावे.

1. वैदर्भीय उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागलेले दही आणखी चार तास ठेवावे. विरजणातील जिवाणू तेवढ्या वेळात आणखी शर्करा आंबवतात.
2. ते सुती फडक्यात टांगून पाणी निथळू द्यावे, कारण उरलेल्या शर्करेचा बराच भाग त्या पाण्यातच जातो. (हे पाणी घरच्या इतरांच्या ज्वारीच्या भाकरीच्या पिठात उत्तम चालते.)
3. चक्का जिरे-मीठ घालून खावा.

शरीरशुद्धीच्या नावाखाली दिवसभर केवळ ताकावर राहणे मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.