योनीमार्गातल्या बुरशीवरची गोळी: घ्यायची कशी आणि पुढचे तीन दिवस काढायचे कसे

फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी पाण्याबरोबर गिळायची, काम एवढंच. पण गेल्या बारा-तेरा वर्षांत ही गोळी मी कितीतरी वेळा घेतली आहे, आणि आमच्या खानापुरातल्या गल्लीत पावसाळा लागला की हळू आवाजात विचारायला येणाऱ्या बायकाही कमी नाहीत. जवळजवळ प्रत्येकीचं बिघडतं ते गोळी घेतल्यानंतर. म्हणून जास्त लिहिणार आहे ते त्याबद्दलच.

आधी हा त्रास बुरशीचाच आहे ना, ते बघा. खाज बसू देत नाही, जागा लाल होऊन सुजते, लघवी करताना झोंबते आणि अंगावरून जातं ते चक्क्यासारखं, गुठळ्यांचं, बहुतेक वेळा वास नसलेलं. पातळ, करडं आणि माशासारख्या वासाचं जात असेल, किंवा पिवळट-हिरवट, फेसाळ असेल, तर तो आजार वेगळा आणि त्याचं औषधही वेगळं. तिथे ही गोळी काही करत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल, ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर तपासून घेतल्याशिवाय गोळीला हातही लावू नका.

डॉक्टरांकडे जाऊन फक्त ‘पांढरं जातंय’ म्हणू नका. या दोन शब्दांत सगळेच आजार येतात. खाज आहे का, जळजळ आहे का, वास आहे का, हे तीनही सांगा. सरकारी दवाखान्यात बदलून आलेल्या डॉक्टरीणबाई विजापूरकडच्या असल्या आणि त्यांना मराठी कळत नसलं, तर तीन कानडी शब्द पाठ ठेवा: खाजेला तुरिके, जळजळीला उरी, वासाला वासने. ‘तुरिके आहे, उरी आहे, वासने नाही’ एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न त्या बरोबर विचारतात.

औषधाच्या दुकानात थेट गेलात तर हमखास विचारतील, ‘अक्का, किट देऊ काय?’ या किटमध्ये चार गोळ्या असतात: एक फ्लुकोनाझोल, एक अझिथ्रोमायसिन आणि दोन सेक्निडाझोल. तपासल्यावर एकाहून जास्त संसर्गाचा संशय आला तर डॉक्टर ते देतात, ते ठीक. पण नुसत्या बुरशीसाठी बाकीच्या तीन गोळ्यांतलं अँटिबायोटिक गिळणं मला अजिबात मान्य नाही. योनीमार्गात बुरशीला आवर घालणारे चांगले जंतू असतात, अँटिबायोटिकने तेच मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. चिठ्ठी घेऊन जा, एकच गोळी मागा, पाकिटावरचं नाव आणि १५० हा आकडा स्वतः वाचा.

पाळी चुकली असेल किंवा दिवस गेले असतील तर ही गोळी नाही. गरोदरपणात डॉक्टर सात रात्री आत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी किंवा मलम देतात. साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेत असाल, रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, फिटची गोळी असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा यकृताचं दुखणं असेल, तर ते आधी सांगा. ग्लिमेपिराइडबरोबर साखर एकदम खाली येऊ शकते.

गोळी कधीही घ्या. जेवणाआधी, जेवणानंतर, एकादशीच्या उपवासालाही चालते. पाळी चालू असली तरी हरकत नाही.

आता ते तीन दिवस.

पहिल्यांदा गोळी घेतली तेव्हा मी रात्री नऊला ती गिळली आणि सकाळी बरं वाटेल म्हणून झोपले. सकाळी खाज होती तशीच, उलट वाढल्यासारखी वाटली. मी घाबरले. दुपारी दुसरी गोळी आणून घेतली. संध्याकाळी गरम पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतून धुतलं. रात्री घरात पडलेलं गजकर्णाचं मलम लावलं. लावल्यावर तासभर थंड वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तीनदा लावलं. चौथ्या दिवशी कातडी सोलवटली होती, चालताना साडीचा काठ लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. बेळगावला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बुरशी पहिल्याच गोळीने आटोक्यात येत होती, ही आग औषधांच्या माऱ्याची आहे. त्या मलमात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडने खाज दबते, सूज दिसेनाशी होते, आणि खाली बुरशी फोफावते. गजकर्णाचं म्हणून मिळणारं तसलं मलम या नाजूक जागी लावायचं नाही. चिमूटभरही नाही.

गोळीला वेळ का लागतो, हे कळलं असतं तर मी यातलं काहीच केलं नसतं. फ्लुकोनाझोल बुरशीच्या पेशीचं आवरण नीट बनू देत नाही, त्यामुळे तिची वाढ थांबते. आधी वाढलेली बुरशी शरीराला साफ करावी लागते आणि सुजलेली कातडी भरून यावी लागते. एक गोळी पुरते, कारण ती अंगात टिकते: रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० तास लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही रडकुंडीला येता, तेव्हाही पहिलीच गोळी काम करत असते. बहुतेकींना एक ते तीन दिवसांत फरक जाणवू लागतो, पूर्ण बरं वाटायला सात दिवसही लागतात. त्रास फार जोराचा असेल तर डॉक्टर दुसरी गोळी देतात, पण तीही ७२ तासांनी. तो निर्णय त्यांचा, आपला नाही.

म्हणून गोळी घेतली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘गो’ लिहिते आणि पुढची तीन घरं सोडून चौथ्या घरात एक टिंब देते. त्या टिंबापर्यंत दुसरं औषध नाही, मलम नाही. रात्री खाज असह्य झाली की स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात पिळून दहा मिनिटं वरून ठेवायचं, मग टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. नखं कापून टाकायची. झोपताना आतले कपडे घालायचे नाहीत. धुवायचं ते साध्या पाण्याने आणि फक्त बाहेरून. कडुनिंबाचं पाणी, लसूण, तुरटी, आत दही लावणं, हे सगळं सांगणाऱ्या बायका प्रेमानेच सांगतात, पण माझं ऐका, यातलं काहीही करू नका. दही ताटात वाढून घ्या.

या दिवसांत संबंध टाळा. नवऱ्याला खाज किंवा लाली नसेल तर त्याला गोळीची गरज नसते. गोळीने थोडं डोकं दुखणं, मळमळ, पोटात कळ एवढं चालतं. अंगावर पुरळ उठलं, तोंड सुजलं किंवा धाप लागली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आतले कपडे साडीखाली लपवून वाळत घालू नका. इथल्या पावसात ते तीन दिवस ओलेच राहतात आणि तसेच अंगावर चढतात. मी सरळ दोरीच्या पुढच्या टोकाला घालते, आणि ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवते.

सात दिवसांनीही आराम नसेल तर तिसरी-चौथी गोळी शोधत बसू नका. बुरशीच्या काही जातींवर ही गोळी नीट चालत नाही, किंवा त्रास मुळात बुरशीचा नसतो. स्रावाची तपासणी केल्याशिवाय ते कळत नाही. वर्षात तीनदा त्रास झाला तर रक्तातली साखर तपासाच. मला मधुमेह आहे हे असंच उघड झालं. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांगा, कारण ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं आणि बुरशीला खाद्य मिळतं. ते स्वतःहून बंद मात्र करू नका. वारंवार होणाऱ्यांना डॉक्टर आधी तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या आणि नंतर सहा महिने आठवड्याला एक असा कोर्स देतात. माझा तसा झाला आहे.

तपासणीला जाताना रिकामं पाकीट बरोबर न्या आणि गोळी कोणत्या तारखेला घेतली ते सांगा. नुकतीच घेतली असेल तर तपासणीत बुरशी दिसत नाही, आणि डॉक्टरांना वाटतं ती नव्हतीच.