यादीत पहिली ओळ परतीच्या तिकिटाची

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या दौऱ्यामागे जाण्याचे ज्याने ठरवले आहे, त्याने तयारीच्या यादीत सर्वांत वर परतीचा प्रवास लिहावा आणि तो पक्का झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीकडे वळू नये. माझे हे मत १७ मार्च २००७ च्या रात्री बेंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकावर तयार झाले. पॅलेस ग्राउंड्सवर त्या संध्याकाळी मेडनचा भारतातील पहिला कार्यक्रम झाला होता. कोल्हापूरहून आम्ही चौघे गेलो होतो. जाण्याची तिकिटे महिनाभर आधी काढलेली होती आणि येण्याचे मात्र ‘बघू तिथं गेल्यावर’ एवढेच ठरले होते. कार्यक्रम संपताच हजारो माणसे एकदम रस्त्यावर आली, रिक्षा मिळेना, रात्रीच्या गाड्या निघून गेल्या होत्या, आणि ज्या संध्याकाळची पंधरा वर्षे वाट पाहिली तिच्यानंतरची रात्र आम्ही फलाटावर, बॅगा उशाला घेऊन, डास मारत काढली. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी २००८ रोजी मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातून केली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक असल्यामुळे त्या दौऱ्यात बँड, वादक-तंत्रज्ञ आणि सामान असे सगळे एका बोइंग ७५७ मधून फिरत होते. आमच्या खिशात महालक्ष्मी एक्सप्रेसची जाण्याची आणि येण्याची, दोन्ही तिकिटे होती. तेवढ्या एका फरकाने आठवण किती वेगळी राहते, हे ज्याचे त्याने अनुभवावे.

दुसरी गोष्ट, किती कार्यक्रम पाहायचे हे भावनेच्या भरात ठरवू नये. मेडन एका दौऱ्यात जवळजवळ रोज तीच गाणी त्याच क्रमाने वाजवतात, त्यामुळे आज हुकलेले गाणे उद्या ऐकायला मिळेल, हा हिशेब इथे चालत नाही. मग लोक मागे का फिरतात, असा प्रश्न घरचे विचारतात, आणि तो रास्त आहे. उत्तर असे की, पहिल्या रात्री माणूस फक्त थक्क होतो, दुसऱ्या रात्री बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसच्या बोटांकडे पाहतो आणि तिसऱ्या रात्री आजूबाजूच्या माणसांकडे. याहून जास्त रात्रींची गरज मला वाटलेली नाही. २०२५ च्या दौऱ्यात मी २७ आणि २८ मे रोजी बुडापेस्टला आणि ३१ मे रोजी प्रागला उभा होतो, आणि पुढची यादी मुख्यतः त्या तीन रात्रींच्या तयारीतून आलेली आहे. या प्रकाराला आमच्याकडे कुणीतरी हटकून वारी म्हणतो. मला ती तुलना पटत नाही, कारण वारीत वाटेत कुणी ना कुणी जेवायला वाढते.

‘पुढच्या दौऱ्याला जाऊ’ हे वाक्य यादीतून आधीच खोडून टाकावे. हॅरिसने १९७५ साली हा बँड उभा केला. त्याचा जन्म १९५६ चा आणि डिकिन्सनचा १९५८ चा. डिकिन्सनला २०१५ मध्ये जिभेच्या कर्करोगावर उपचार घ्यावे लागले होते. ड्रमर निको मॅकब्रेनला २०२३ च्या जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला, तरी त्यातून उठून त्याने पुढची दोन वर्षे दौऱ्यांत वाजवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोच्या कार्यक्रमानंतर दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. २०२५ पासून त्याच्या जागी सायमन डॉसन बसतो. पहिल्या दोन अल्बमांचा गायक पॉल डी’आनो ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. वाट पाहण्याइतका अवकाश आता आपल्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही.

कागदपत्रांना आठ महिने धरावेत. २०२५ च्या दौऱ्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली होती, म्हणजे पहिल्या कार्यक्रमापर्यंत साधारण तेवढाच वेळ हाती होता. पासपोर्टचे काम आता कोल्हापुरातच पोस्टातल्या सेवा केंद्रात होते. मात्र शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, तो परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो, मागच्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पाने लागतात, हे अर्ज भरायला बसण्यापूर्वीच पाहून घ्यावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी; निकालाला सामान्यतः पंधरा दिवस लागतात, पण ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते, म्हणून शेवटच्या महिन्यावर विसंबून राहू नये. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. माझ्या चार रात्री बुडापेस्टला आणि तीन प्रागला होत्या, त्यामुळे अर्ज हंगेरीकडे गेला. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला कोल्हापूरबाहेर जावे लागते, तेव्हा त्या एका दिवसाची रजाही हिशेबात धरावी. अर्जासोबतच्या पत्रात आपण कशासाठी जात आहोत ते सरळ लिहावे आणि कार्यक्रमाची तिकिटे जोडावीत. नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र घेताना माझ्या साहेबांनी ‘तिकडं कुणाचं लग्न आहे काय?’ असे विचारले होते. तेव्हा कारण तोंडीही नीट सांगता आले पाहिजे. लंडनचा कार्यक्रम जोडायचा असेल तर ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र लागतो, हे विसरू नये. तो काढलाच तर स्ट्रॅटफर्डजवळचा ‘कार्ट अँड हॉर्सेस’ हा पबही पाहून यावा, कारण १९७६ साली मेडनचे सुरुवातीचे कार्यक्रम तिथेच होत असत.

पैशांविषयी थोडक्यात एवढेच की, हंगेरी आणि चेकिया हे दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी युरो वापरत नाहीत. एकीकडे फोरिंट चालतात आणि दुसरीकडे कोरुना. कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते.

कार्यक्रमाची तिकिटे बँडच्या फॅन क्लबच्या आगाऊ विक्रीत घ्यावीत. सभासदत्वाचा आणखी एक उपयोग असा की, काही सभासदांना सोडतीतून इतरांच्या आधी आत सोडले जाते आणि त्यांना थेट मंचासमोरच्या कठड्याजवळ (बॅरियर) उभे राहता येते. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये घालण्याची सवय असल्याने नेमका इथेच घोळ होतो. तिकीट फोनमधील ॲपवर येत असेल तर त्याचा बारकोड बदलत राहतो आणि नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून परदेशात फोन चालू राहील याची सोय आधी करावी. समाजमाध्यमांवर कुणी ‘एक जास्तीचे आहे’ म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नये आणि अधिकृत पुनर्विक्रीचीच वाट पाहावी. राहण्याची जागा रद्द करता येण्याजोगी घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुरगावला मेटालिका या बँडचा कार्यक्रम प्रेक्षक मैदानावर पोहोचल्यावर रद्द झाला होता; दोनच दिवसांनी बेंगळुरूचा कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे झाला. गर्दीतल्या माणसाच्या हाती यातले काहीही नसते.

आता कानांकडे येतो, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या पिढीच्या रॉक ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या उजव्या किंवा डाव्या कानात आज कायमची शिट्टी वाजते. ‘आम्ही गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढे नाचलेली माणसं, आम्हाला काय होतंय’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर असते. कानाला आवाजाची सवय होत नाही. आतल्या कानातील सूक्ष्म केसांच्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्याला आपण सवय म्हणतो ती बहुतेक वेळा श्रवण कमी झाल्याची खूण असते. कामाच्या ठिकाणी वापरला जाणारा एक हिशेब असा की, ८५ डेसिबलला आठ तास आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच हाती राहतात. कार्यक्रम दोन तासांचा, त्याआधी दुसऱ्या एका बँडचे वादन, आणि आपण पाच दिवसांत तीन रात्री जाणार. तेव्हा संगीतासाठी मिळणारे, गाळणी असलेले इअरप्लग घ्यावेत. ते आवाज सरसकट दाबून टाकण्याऐवजी सगळेच स्वर सारखे खाली आणतात, त्यामुळे तीन गिटार वेगवेगळ्या ऐकू येतात आणि गायकाचे शब्दही कळतात. ते घालण्याचा सराव घरीच करावा. दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढला की प्लग नीट बसतो. एक जास्तीची जोडी खिशात ठेवावी, कारण पहिली जोडी अंधारात, हजारो पायांखाली पडते आणि मग ती सापडत नाही. दोन रात्रींच्या मध्ये एक शांत दिवस मिळाला तर हेडफोन लावू नयेत.

पायांची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. रंकाळ्याभोवती चालायला जाणारे आधीच निम्मे तयार असतात. पण चालणे वेगळे आणि एका जागी पाच तास उभे राहणे वेगळे. म्हणून आठवड्यातून एखाद्या दिवशी संध्याकाळी उभ्यानेच वाचन, उभ्यानेच फोन आणि उभ्यानेच स्वयंपाकाला मदत, असा क्रम ठेवावा. सुट्टीच्या दिवशी जोतिबाचा डोंगर पायी चढल्यास पोटऱ्यांना फायदा होतो. बूट जुने आणि पायाला बसलेले असावेत. कोल्हापुरी चपलेचा मला कितीही अभिमान असला तरी ती पिटमध्ये, म्हणजे मंचासमोरच्या उभ्या गर्दीत, घालू नये. शेजारच्याचा जाड बूट अंगठ्यावर पडला की अभिमान संपतो.

ऐकण्याच्या तयारीचे कुणाला सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. या दौऱ्याची गाणी १९८० च्या पहिल्या अल्बमपासून १९९२ च्या ‘फिअर ऑफ द डार्क’पर्यंतच्या नऊ अल्बमांच्या काळातली आहेत. हे नऊ अल्बम क्रमाने, आठवड्याला एक याप्रमाणे ऐकावेत. त्यातही १९८४ च्या अल्बमवरील, इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवर बेतलेले ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे पावणेचौदा मिनिटांचे गाणे शब्दांसह वाचून ठेवावे, कारण मधल्या संथ भागात नुसते उभे राहणारे आणि तिथली गोष्ट माहीत असणारे, यांचे चेहरे वेगळे दिसतात.

सामानात थोडे आणि नेमके असावे. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची असते. आपली तीन पिनांची प्लग तिकडच्या भिंतीत बसत नाही, तेव्हा दोन गोल पिनांचा अडॅप्टर इथूनच न्यावा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून नरसोबाच्या वाडीचे पेढे आईने कितीही आग्रह केला तरी घरीच ठेवावेत. शेंगदाण्याची चटणी मात्र चालते आणि तिसऱ्या दिवशी ब्रेडबरोबर तिची किंमत कळते. कार्यक्रमाला जाताना मोठी पाठपिशवी नेऊ नये, कारण बहुतेक ठिकाणी साधारण ए-फोर कागदाएवढीच पिशवी आत सोडतात. टी-शर्ट घ्यायचा असेल तर कार्यक्रमाआधीच घ्यावा. विशिष्ट शहराच्या कार्यक्रमासाठी काढलेले शर्ट आपल्या मापात नंतर उरत नाहीत, आणि तिकडचा ‘मीडियम’ आपल्याकडच्या ‘लार्ज’ला जाऊन भिडतो.

प्रत्यक्ष दिवशी दुपारी पोटभर जेवावे, पाणी थोडे-थोडे पीत राहावे आणि आत शिरल्यावर बाहेर पडण्याचा मार्ग आधी पाहून ठेवावा. गर्दी छातीवर दाबू लागली तर मान खाली न घालता, कोपर छातीसमोर धरून तिरके सरकत कडेला यावे. तेवढ्यासाठी जागा गेली तर जाऊ द्यावी. ध्वनिक्षेपकावर यूएफओ या बँडचे ‘डॉक्टर डॉक्टर’ सुरू झाले की समजावे, आता काही मिनिटांतच मेडन येणार. त्यानंतर पाणी किंवा स्वच्छतागृह यांपैकी कशासाठीही जागा सोडू नये. या दौऱ्यात बँडच्या व्यवस्थापकांनी प्रेक्षकांना फोन खिशात ठेवण्याची विनंती केली होती. मी एक फोटो काढला, तोही हलला.

शेवटच्या गाण्यानंतर दिवे लागतात आणि मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूचे ‘ऑलवेज लुक ऑन द ब्राइट साइड ऑफ लाइफ’ वाजते. ते संपेपर्यंत जागेवरच थांबावे, म्हणजे पहिला लोंढा ओसरतो. प्रागला मैदान लेटन्यानीचे होते आणि तिथल्या ‘सी’ मार्गाचे ते शेवटचे मेट्रो स्थानक असल्यामुळे गाडी रिकामी येते, हे मी घरीच नकाशा पाहून वहीत लिहून ठेवले होते. मुंबईला विमान सकाळी उतरत असेल तर त्याच रात्रीच्या महालक्ष्मीचे तिकीट काढावे, मधला दिवस विमान उशिरा येण्यासाठी राखून ठेवावा, आणि गाडी कोल्हापुरात शिरते त्या दिवसाची रजा मूळ अर्जातच लिहावी. नंतर मागितली तर ती मिळत नाही.