कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी: या चुका टाळा

दर खरिपात जुलै सरत आला की तेच. उडीद-मूग वीस दिवसांचे होतात, पानं जरा फिकी पडतात आणि माणूस युरियाची गोणी उघडतो. आधी याच चुकीवर बोलतो, कारण हिच्यापायी झालेलं नुकसान मी सगळ्यात जास्त पाहिलंय.

या वयात रोप फिकं दिसणं बहुतेक वेळा साहजिक असतं. दाण्यातली शिदोरी संपलेली असते आणि मुळांवरच्या गाठी, ज्यांच्यात राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात, त्या नुकत्या कामाला लागत असतात. तेवढा आठवडाभर दम धरायचा.

अमळनेरकडच्या एका नानांना तो धरवला नाही. एकरी पूर्ण गोणी फेकली. ४५ किलोच्या गोणीत २० किलोंवर नत्र असतं. कडधान्याला अख्ख्या हंगामात एकरी ८-१० किलो पुरतं, तेही पेरणीसोबत. पंधरा दिवसांनी मी वावरात गेलो तेव्हा उडीद हिरवागार, नाना खूश. खुरपीने ढेकळासकट एक रोप काढलं आणि बादलीत भिजवून धुतलं. मुळावर मोहरीहून बारीक चार-पाच ठिपके. नखाने फोडले तर आतून पांढरेच. बांधालगत दोन ओळींत युरिया पोचला नव्हता. तिथल्या रोपाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक फोडली आणि नख लालसर झालं. गाठ हवेतलं नत्र धरतेय, याची ती खूण. नाना बराच वेळ दोन्ही मुळं हातात धरून उभे होते.

घडतं ते असं. युरियाचं जमिनीत नायट्रेट होतं. मुळाला ते आयतं मिळालं की झाड गाठी धरणं आवरतं घेतं. गाठी पोसायला पानांनी केलेली साखर खर्चावी लागते. ताटात वाढलेलं असताना झाड वेगळी चूल मांडत नाही. पुढे शेंगा भरायच्या वेळी गोणीतलं नत्र संपलेलं आणि गाठी नाहीत, अशी गत होते.

दुसरी चूक म्हणजे 'जास्त गाठी, जास्त उत्पन्न' समजून गाठी धरणाऱ्या जिवाणूंची पाकिटं पेरणीआधी बियाण्याला दुप्पट लावणं. झाड गाठींचा हिशोब स्वतः ठेवतं. पहिल्या गाठी धरल्या की मुळाकडून पानांना निरोप जातो आणि पानांकडून 'आता पुरे' असा हुकूम खाली येतो. १९८५ मध्ये हा हुकूम न सुटणारी सोयाबीनची झाडं संशोधकांनी शोधली. त्यांचा शेंडा साध्या झाडाच्या मुळावर कलम केला तर तिथेही गाठींचा खच पडला, म्हणजे निर्णय पानांत होतो. त्यामागचा सोयाबीनचा जनुक २००३ मध्ये हाती लागला. गाठींनी लगडलेल्या त्या झाडांची मुळं मात्र आखूड आणि वाढ खुंटलेली. आपल्याकडे पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो, तेव्हा खोल मुळंच पीक तगवतात. म्हणून मी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमच्या पाकिटापुढे जात नाही.

पाकीट पिकाचंच घ्या. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनवर गाठी धरत नाही. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. बियाणं सावलीत सुकवा. पत्र्यावर उन्हात पसरलं की जिवाणू मेले, आणि पेरणीच्या घाईत हे हमखास होतं. स्फुरदात (फॉस्फरसच्या खतात) कंजुषी नको. काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नका, गाठींनाही हवा लागते.

आणि तपासताना रोप उपटू नका! गाठी मातीत तुटून राहतात आणि लोक 'गाठीच नाहीत' म्हणत दुकान गाठतात. मी पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक रोप खणतो, धुतो, गाठी फोडतो. लाल दिसल्या की युरियाचा विषयच काढत नाही. शेंगा भरताना त्या हिरवट-तपकिरी दिसल्या तर घाबरू नका, तेव्हा त्यांचं वय झालेलं असतं.