४४ सापडतो, ४६ हरवतो: फोटो शोधताना फझी लॉजिक

सूर्यास्ताचे फोटो वेगळे काढायला मी आधी सरळसोट नियम लावला: ह्यू (रंगचक्रावरचा रंगाचा कोन, ० ते ३६० अंश) ४५ अंशांखाली तर नारिंगी, वर गेला की पिवळा. ४४ चा फोटो सापडायचा, ४६ चा गायब. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच! लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेले फझी सेट, म्हणजे ‘आहे की नाही’ऐवजी ‘किती प्रमाणात आहे’ हे ० ते १ मध्ये सांगणारे संच, इथेच कामाला येतात.

फोटो आधी एचएसव्हीत, म्हणजे ह्यू, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि व्हॅल्यू (उजेड) या मांडणीत न्या. मग प्रत्येक रंगाला मापाचा एक त्रिकोण द्या: टोकावर माप १, पायाच्या कडांना ०. नारिंगीचं टोक ३० वर, पिवळ्याचं ६० वर, पाया शेजारच्या टोकापर्यंत. आता ४० अंशांचा पिक्सेल ०.६७ नारिंगी आणि ०.३३ पिवळा ठरतो. सगळ्या पिक्सेलांची अशी मापं रंगवार मिळवून एकूण पिक्सेलांनी भागली, की फझी हिस्टोग्राम (कुठला रंग किती, याचा तक्ता) तयार. दोन फोटो ताडताना प्रत्येक रंगाची दोघांतली लहान किंमत घ्या आणि बेरीज करा. ती १ च्या जितकी जवळ, तितकं साम्य जास्त.

वर्गीकरणाचे नियम बोलीभाषेतच लिहावेत: ‘नारिंगी भरपूर आणि उजेड कमी, तर सूर्यास्त’. ‘आणि’साठी दोन्ही मापांतलं किमान घ्या, ‘किंवा’साठी कमाल.

माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली ती ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामिंग लायब्ररीने, म्हणजे खरं तर माझ्याच आळसाने. तिथे ८-बिट चित्रात ह्यू ० ते १७९ असतो, त्यामुळे सगळे त्रिकोण निम्मे करावे लागतात. लाल रंग ० आणि ३६० या दोन्ही टोकांना येतो, त्याचा त्रिकोण गुंडाळून घ्या. आणि राखाडी पिक्सेलांचा ह्यू निव्वळ थाप असते. सॅच्युरेशन कमी असेल तर त्यांना वेगळ्या डब्यात टाका.